सामान ठेवायची खोली

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो झोपला होता.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एका दुपारी तीनच्या सुमाराला एक उंच माणूस आत आला. कोपरापर्यंत हात मैद्यानं पांढरे. म्हणाला, "वजनकाट्यावरचे आकडे पुसट दिसायला लागलेत." मी त्याला यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली, दिवा मंद केला आणि म्हटलं, "समोर हिरवा ठिपका दिसतोय ना? त्याच्याकडेच बघत राहा."

उत्तर नाही.

मी माझ्या बाजूनं डोळा लावून पाहिलं, तर समोर एक मिटलेली पापणी – खूप मोठी दिसत होती ती – आणि पापणीच्या केसांवर मैद्याचा एक कण.

त्याला उठवायला हवं होतं. पण दुकानात दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतं आणि माणूस इतका मनापासून झोपला होता की... मी हलकेच पंखा त्याच्याकडे वळवला. दहा-बारा मिनिटांनी तो हनुवटी न उचलताच म्हणाला, "हिरवा." आणि मला हसू आवरेना.

तो बेकरीत भट्टी सांभाळतो. पहाटे साडेतीनला घर सोडतो, म्हणून दुपारी कुठेही टेकला की डोळा लागतो. चष्मा घ्यायला तो आठवड्यानं आला. मग स्क्रू सैल झाला म्हणून आला. मग पुन्हा सैल झाला म्हणून. चष्म्याचा स्क्रू महिन्यात किती वेळा सैल होऊ शकतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी मुकाट्यानं घट्ट करून देत राहिले.

याला वर्ष झालं. दीड महिन्यावर लग्न आलं होतं, आणि तरी आम्ही एकत्र कधी रात्रीचं जेवलो नव्हतो. मी दुकान बंद करते आठला, तो झोपतो आठला. आमचं सगळं प्रेम चार ते पाचच्या चहात बसवलेलं. म्हणून आम्ही दोघांनी शनिवार-रविवार रजा काढली. दोन दिवसांत घर शोधायचं आणि प्रत्येक जेवण बाहेर करायचं, असं ठरलं.

घरं दाखवायला एक काका होते. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की ते जिना चढायला लागले की तिसऱ्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघत. आम्ही त्यांचं नाव 'चावीकाका' ठेवलं.

"हवा इतकी खेळती आहे की पंखा लागणार नाही," पहिल्या घरात काका म्हणाले. खिडकीला काच नव्हती.

तो मात्र खिडकीकडे बघतच नव्हता. त्यानं दाराची कडी दोनदा वरखाली केली आणि मला म्हणाला, "तू जरा आतल्या खोलीत जा. आणि दार लावून घे."

"का?"

"लाव ना."

मी गेले. दार लावून अंधारात उभी राहिले. बाहेर काहीतरी कटकन वाजलं.

"ऐकू आलं?" दाराबाहेरून त्याचा आवाज.

"हो."

बाहेर येऊन बघते तर त्याचा चेहरा उतरलेला. खिशातून छोटी वही काढून त्यानं काहीतरी लिहिलं आणि वही परत खिशात घातली.

आता खरं सांगायचं तर माझंही एक गुपित होतं. त्या घरात स्वयंपाकघराच्या मागे एक लहानशी खोली होती. ताटाएवढी खिडकी, एक खुंटी, बस. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन, कारण काका म्हणाले, "ही अडगळीची, ताई."

"सामान ठेवायला बरी आहे," मी म्हटलं.

"कसलं सामान?" त्यानं विचारलं. हा माणूस सगळ्यांना सगळं विचारतो.

"असतं ना... सामान."

माझ्या नावावर एक सुटकेस आणि ताईनं दिलेलं शिलाई मशीन, एवढंच होतं.

दुसऱ्या घरात तशी खोली नव्हती. "इथे सामान कुठे ठेवायचं?" मी म्हटलं. त्यानं मला पुन्हा आत पाठवलं, पुन्हा दार लावायला लावलं. या वेळी नळ सोडल्यासारखं वाजलं. "ऐकू आलं?" "नळ ना?" "म्हणजे आलंच," तो उदास होऊन म्हणाला. तिसऱ्या घरात पावलं ऐकू आली. तिथे खोली होती, पण तिला दार नव्हतं. नुसता पडदा. मी तो पडदा दोनदा सरकवून पाहिला.

"पडदा चालणार नाही सामानाला?" त्यानं विचारलं.

"नाही चालणार."

"चोरीला जाईल?"

मी पडदा सोडला आणि काकांच्या मागून जिना उतरायला लागले.

संध्याकाळी सातला आम्ही एका चांगल्या हॉटेलात गेलो. टेबलावर पांढरं कापड, काचेच्या भांड्यात एकच फूल. सूप आलं, सोबत पाव आला. त्यानं पाव मोडला, नाकाशी नेला आणि वेटरला अगदी नम्रपणे विचारलं, "हा काल संध्याकाळचा ना?" वेटर आत गेला आणि आतून स्वयंपाकीच बाहेर आला. मला वाटलं आता भांडण. पण दोघं दहा मिनिटं भट्टीच्या विटांवर बोलत बसले आणि जाताना स्वयंपाकी त्याच्या खांद्यावर थोपटून गेला. मी सूप पीत त्याच्याकडे बघत होते. दिव्याच्या उजेडात तो वेगळा दिसतो, हे मला एका वर्षात कळलंच नव्हतं. डाव्या भुवईला जरासा कट आहे त्याच्या...

"काय बघतेस?"

"तू वहीत काय लिहितोस ते सांग."

"उद्या सांगतो."

"मला खोलीत कोंडून तू बाहेर काय करतोस?"

"उद्या." मग तो पावाचे तुकडे करत म्हणाला, "तू सांग, एवढं सामान आहे कुठे तुझं? मी तुझ्या घरी तीनदा आलोय. मला तर काही दिसलं नाही."

"तू माझी झडती घेतोयस का?"

"नाही गं. पण घर आपल्या दोघांचं बघतोय की सामानाचं?"

तो हसतच बोलला होता. पण मला ते लागलं. मी मान खाली घालून मासा खाल्ला. फार चांगला मासा होता तो, आणि त्याची चव मला आठवत नाही. सव्वाआठला त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या. तो जागा राहायचा प्रयत्न करत होता, माझ्यासाठी. ते दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

घरी जाऊन ताईशेजारी आडवी झाले आणि विचार करत राहिले. मी दार लावून आत असताना ज्याला बाहेर काहीतरी करायचं असतं, आणि ते मला ऐकू आलं की ज्याचं तोंड पडतं – अशा माणसाशी मी लग्न करते आहे. चोरून जायचंय की चोरून यायचंय याला?

रविवारी सकाळी चौथं घर. आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होतो. "तू जरा आत..." त्यानं म्हटलं. मी आत गेले. दार लावलं. काहीच ऐकू येईना. मी कान लावला. तरी काही नाही. मग मला राहवेना. मी कडी हळूच काढली आणि दार उघडलं.

तो बूट हातात धरून, चवड्यांवर, श्वास रोखून बाहेरच्या दाराकडे निघाला होता. सहा फुटी माणूस, पाय उचलतोय बगळ्यासारखा. आणि त्याच्या मागे, हातात चपला घेऊन, दुसऱ्या हातानं चाव्यांचा जुडगा पोटाशी आवळून, तसेच चवड्यांवर चावीकाका.

तिघंही जागच्या जागी थांबलो.

"काका, तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"साहेब म्हणाले आवाज होता कामा नये," काका कुजबुजले. "मी म्हटलं, हल्ली घराची अशी काही परीक्षा असेल."

दुपारी एका छोट्या खाणावळीत आम्ही बाकावर समोरासमोर बसलो. तिथे एकच पदार्थ मिळत होता, वाफाळत्या भांड्यातले नूडल्स. त्यानं वही काढून माझ्यापुढे ठेवली. चार घरं, आणि प्रत्येकापुढे: कडी, नळ, पावलं, जिना. ऐकू येतं. ऐकू येतं. ऐकू येतं. चौथ्यापुढे निकालाची जागा कोरी होती.

"माझे बाबा दुधाची गाडी चालवायचे," तो म्हणाला. "अडीचला उठायचे. एकच खोली. दिवा लागला की आई जागी व्हायची, ती मग परत झोपायची नाही. संध्याकाळपर्यंत दोघं कशावरूनही भांडायचे. वीस वर्षं बाबांना वाटत होतं, ही बाई चिडकी आहे. तिला फक्त झोप हवी होती."

"आणि आता?"

"बाबा रिटायर झाले. ती दहा-दहा तास झोपते. स्वभाव इतका गोड झालाय की बाबा म्हणतात, ही मला आधी का नाही भेटली."

मी हसले, पण तो हसला नाही. "तुला मी तीनला रोज उठवणार. तू वर्षभरात चिडकी होशील, आणि मला वाटेल तू तशीच आहेस. म्हणून मला वाटत होतं... आठवड्यातले सहा दिवस वेगळ्या खोल्यांत झोपायचं. पण लग्नाला दीड महिना असताना हे मुलीला सांगायचं कसं? म्हटलं, आवाज न येणारं घर मिळालं तर सांगायलाच नको."

माझ्या मनातलं कालपासूनचं सगळं विरघळून गेलं. आता माझी पाळी होती.

"माझ्याकडे काही सामान नाही," मी म्हटलं.

"ते मला कळलं होतं."

"आम्ही चार बहिणी. एक खोली. माझी जागा दाराजवळ, येणारा-जाणारा मला ओलांडून जायचा. मी डायरी लिहिली की धाकटी ती जेवताना सगळ्यांना वाचून दाखवायची. पुस्तक वाचायचं तर न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसून, आणि पाच मिनिटांत कोणीतरी दार वाजवणार." मी नूडल्स काट्याभोवती गुंडाळत राहिले. "मला एक दार हवंय. माझं. आतून लावता येईल असं."

मला वाटलं होतं तो लगेच म्हणेल, बघ, दोघांचं एकच म्हणणं होतं. तो तसं म्हणाला नाही.

"म्हणजे... मी बाहेर असताना?"

"तू बाहेर असताना."

"आत काय करणार तू?"

"माहीत नाही. कधी मिळालंच नाही."

"मी तर तुझी झोप जाऊ नये म्हणून म्हणत होतो," तो हळू म्हणाला. "तुला मी नकोय म्हणून हवंय?"

"मला तू हवा आहेस. पण सारखा नाही."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी घाबरले. त्यानं चष्मा काढला, वाफेनं धुरकटलेल्या काचा शर्टाला पुसल्या – शर्टाला पुसू नये, हे मी त्याला शंभरदा सांगितलंय – आणि पुन्हा घातला. मग म्हणाला, "एक घर राहिलंय. चल."

पाचवं घर जुनं होतं. ओट्याचा टवका उडालेला, स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडणारी. "शांतता आहे," काका म्हणाले, कारण दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतं. दोन बऱ्यापैकी खोल्या, आणि बोळाच्या टोकाला एक लहानशी, लाकडी दाराची. त्यानं ते दार उघडलं, आतून कडी लागते का ते पाहिलं आणि बाजूला झाला.

"जा," तो म्हणाला. "या वेळी मी काही वाजवणार नाही."

मी आत गेले. कडी लावली. पहिली दोन मिनिटं नुसती उभी होते, कोणीतरी हाक मारेल म्हणून. कोणी मारली नाही. मग मी फरशीवर बसले. पाय पसरले. केसांचा चाप काढला, केस मोकळे सोडले. भिंतीला पोपटी रंग होता, एका कोपऱ्यात पोपडा सुटलेला. मी त्या पोपड्याकडे बघत बसले. कोणी विचारलं नाही की काय बघतेस. बाहेर तो काकांना पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी विचारत होता. मग तेही थांबलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मी दार उघडलं तेव्हा तो समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. माझे मोकळे केस त्यानं पाहिले. त्याच्या ओठांवर प्रश्न अगदी येऊन थांबलेला मला दिसत होता. जो माणूस पावाच्या तुकड्यावरून स्वयंपाक्याला बाहेर बोलावतो, तो मला म्हणाला, "टाकी गच्चीवर आहे. पाणी दोन वेळ येतं."

बस. आत काय केलंस, हे त्यानं विचारलं नाही.

म्हणून मीच सांगितलं. "काही केलं नाही. बसले होते. आधी वाटलं कोणीतरी दार वाजवेल. मग वाटलं, अजून कोणी वाजवत कसं नाही."

"मी वाजवणार होतो. दोनदा."

"मग?"

"काकांनी हात धरला."

काका दूर खिडकीपाशी, भिंत न्याहाळण्यात फार गुंतले होते.

"कडीचा आवाज येतो इथेही," तो म्हणाला. "थोडासा. तेल घालावं लागेल."

"घालू."

"मग हेच?"

"हेच."

तो उंबऱ्यापाशी आला. आत डोकावला, पण पाऊल टाकलं नाही. खोली बघितली, पोपडा बघितला, फरशीवर पडलेला माझा चाप बघितला. मग अगदी हळू विचारलं, "इथे मला कधीच यायचं नाही?"

"रविवारी," मी म्हटलं. "विचारून."

त्यानं जरा विचार केला.

"आज रविवारच आहे."

मी आत जाऊन भिंतीशी बसले, आणि त्याच्यापुरती जागा करत बाजूला सरकले.