राहिलेली एक पुंगळी

शुगर लँड गावातल्या त्या घरात रविवारी दुपारी सडक्या अंड्यांचा वास यायचाच. जुन्या पद्धतीची, गंधक घातलेल्या काळ्या दारूची रायफल नेमबाजीच्या रेंजवर चालवून आला की रवींद्र गरम साबणपाणी घेऊन गराजमध्ये बसायचा. त्या दारूची काजळी लोखंड खाते, म्हणून सफाई त्याच दिवशी हवी. तो गजाला चिंधी लावून नळी पुसायचा आणि विनीता काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या चिंचेनं घासायची, देवाच्या भांड्यांसारख्या. मग तो काळे हात नेमके तिच्या पांढऱ्या टॉवेलला पुसायचा.

"अहो, खिळ्याला जुनं फडकं टांगलंय ना? दिसत नाही?"

आणायची मात्र ती पांढराच टॉवेल.

तो गेल्यानंतर एका रविवारी तोच वास आला. विनीता जन्मभर लॅबमध्ये नोकरी केलेली बाई. तिनं आधी ड्रेन तपासलं, कचरा बघितला. मग रायफलच्या नळीत चिंधी घातली. दमट हवेनं गंज धरला असता तर चिंधी तांबूस निघाली असती. ती ताज्या काजळीनं काळीकुट्ट निघाली. रायफल ठेवायच्या सेफची किल्ली तर तिच्याच पर्समध्ये होती. तिनं पाणी तापवलं आणि मुकाट्यानं साफ करायला बसली.

पुढच्या रविवारी पुंगळ्याही काळ्या झालेल्या. तिला भीती वाटायला हवी होती. तिला बरं वाटलं.

पण एकटीला घर झेपेना. ते विकलं. लेकीकडे, रुहीकडे, पिस्कॅटवेला जायचं ठरलं. रवींद्रचा रेंजवरचा तरुण दोस्त केदार रायफल न्यायला आला.

"काकू, ब्रासच्या पुंगळ्या पण नेतो. क्लीन करून ठेवीन."

"एक राहू दे. ती मी घासेन."

तिनं ती मुद्दामच घासली नाही. काम अर्धवट टाकणं रवींद्रला कधी जमलं नव्हतं. काळी पुंगळी रुमालात बांधून तिनं बॅगेच्या तळाशी ठेवली, आणि रिकाम्या गराजमध्ये उभी राहून रडली. अहो, याल ना तिकडे?

पिस्कॅटवेला रविवार आले, गेले. वास आला नाही. तिनं आशा सोडली.

मग एका दुपारी खोलीत चिंचेचा वास आला. रुहीच्या घरात चिंच नव्हतीच.

तिनं बॅग उघडली. रुमालाची गाठ तशीच होती.

आत पुंगळी लख्ख. अजून गरम.

"आई!" बाथरूममधून रुही ओरडली. "व्हॉट इज दिस? हे घाणेरडं फडकं कुणी ठेवलं?"

विनीता दारात आली. शुगर लँडच्या गराजमध्ये खिळ्यालाच राहिलेलं जुनं फडकं, ओलं, काळं, नीट घडी घालून ठेवलेलं.

शेजारचा रुहीचा पांढरा टॉवेल स्वच्छ होता. लेकीच्या घरी माणूस जरा जपूनच वागतो.