तांदळावरचं नाव

लग्न लागून संध्याकाळी हैदराबादेत काचीगुड्याला सासरी आले, तर सासूबाईंनी पहिलंच काम सांगितलं, "कोठीतून वाडगाभर तांदूळ आण. लक्ष्मीपूजनाला लागतील."

ताटातल्या तांदळावर माझा नवरा दिलीप अंगठीनं माझं नवं नाव लिहिणार होता. शर्वरी. मी रेणू आहे आणि रेणूच राहणार, हे मी साखरपुड्यातच सांगितलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं.

"अगं, या शहराचंसुद्धा नाव बदललं," सासरे भगवंतराव हसत म्हणाले. "सुलतानाची राणी झाल्यावर भागमतीची हैदरमहल झाली, भाग्यनगरचं हैदराबाद झालं. शहर रडलं का?"

"ती दंतकथा झाली, मामंजी. कुणी म्हणतं भाग्यनगर म्हणजे मुळात बागांचं शहर, कुणी म्हणतं हैदर म्हणजे सिंह. पण भागमतीला कुणी विचारलं होतं का?"

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं."

पंच्याण्णव साल. गच्चीवर नवी डिश अँटेना, दिलीप कुकटपल्लीच्या कॉम्प्युटर कंपनीत. तो मान खाली घालून अंगठी फिरवत बसला होता.

कोठीत शिरले आणि लाइट गेली. पोत्यांचा, जुन्या तांदळाचा वास होता. त्यात हळूहळू अत्तर मिसळलं. चाचपडत पिंपात हात घातला. आत खोल, तांदळाखाली, कुणाची तरी गार बोटं माझ्या बोटांना लागली...

"तुमको पूछे क्या?"

अगदी कानाशी. बाईचा आवाज.

मी खरं तेच सांगितलं. "नाही..."

"मेरे कू भी नै पूछे..."

मी पळाले नाही. वाडगा भरला आणि बाहेर आले.

समईच्या उजेडात दिलीपनं 'शर्वरी' लिहिलं. तांदूळ आपोआप सरकले, अक्षरं बुजली. त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा बुजली.

"जुने तांदूळ गुळगुळीत असतात," सासूबाई पुटपुटल्या.

मी ताट ओढलं आणि बोटानं 'रेणू' लिहिलं. ते राहिलं.

मग त्याखाली, कुणाचंही बोट नसताना, उजवीकडून डावीकडे दुसरं नाव उमटू लागलं. उर्दूत. घरात उर्दू वाचता येत होती ती एकट्या भगवंतरावांना. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात झालेली.

"भागमती लिहिलंय का?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"हैदरमहल?"

"नाही... ती भागमती व्हायच्याही आधीचं आहे."

त्यांनी फक्त ती ओळ पुसली. "सूनबाई... रेणूच राहू दे."

काय वाचलं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ते या शहराचं नाव तोंडातून काढत नाहीत. हैदराबाद नाही, भाग्यनगरही नाही. पुण्याहून परतीचं तिकीट काढायचं असलं की खिडकीपाशी गप्प उभे राहतात. आधी मागे वळून पाहतात, मग नाव सांगायला मला पुढे करतात.