गुरुवारी केलेवेले आलं नाही

"आंटी, एदिनामला नेलं! पोलीस आले, लॅपटॉप उचलला, तिला उचललं आणि गेले. चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत."

फोन फिफीचा होता. शनिवारची सकाळ. देदेइबाई लाम्प्तेंच्या पुढ्यात मक्याच्या पिठाचं वाफवलेलं केंके आणि तळलेला मासा होता, आणि शनिवारचं केंके कुणी अर्धवट सोडायला लावलं की त्यांचं डोकं फिरत असे. आज त्यांनी मुकाट्यानं हात धुतले, वकिलीचा काळा कोट खांद्यावर टाकला आणि गाडी काढली.

दान्सोमानमध्ये टायरवाल्याच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. अख्ख्या आक्रा शहरातली कॉम्प्युटरवेडी पोरं तिथं जमतात. जे दिसेल ते उघडून बघायचं, हा त्यांचा धर्म. शेड उभी केली फिफी बायदेननं, आणि पोरांना घडवलंही त्यानंच. देदेइबाई सायबर कायदा समजावून सांगायला एकदा म्हणून आल्या, आणि त्यांच्या फुकटच्या वकील होऊन बसल्या.

फिफी दारातच उभा होता. डोळे लाल झाले होते.

"नीट सांग. काय झालं?"

"त्या बचत कंपनीचं अॅप, आंटी. बाजारातल्या बायका रोजच्या बचतीचे, सुसूचे पैसे टाकतात ना, तेच. त्यात एदिनामला भोक सापडलं. कुणाचंही खातं बघता येत होतं. तिनं कंपनीला सभ्यपणे कळवलं. आणि आता कंपनी म्हणते, गुरुवारी तिच्याच मेलवरून धमकी आली. पैसे द्या, नाहीतर सगळ्या खातेदारांची माहिती चव्हाट्यावर टाकते."

"तिचं ते पहिलं पत्र मला दाखव."

देदेइबाईंनी आपला लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. त्यानं पत्र शोधून काढलं आणि उठला. बाई वाचायला बसल्या, तर पडद्यावर पासवर्डची चौकट.

"अरे, लॉक कशाला केलास? माझा पासवर्ड केवढा लांब आहे माहितेय ना?"

"सवय, आंटी. सॉरी."

बाईंनी पासवर्ड टाकला. पत्र चांगलंच होतं. शेवटी 'आपली शुभचिंतक' लिहिलेलं पाहून त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"गुरुवारी तिच्या लॅपटॉपला दुसऱ्या कुणी हात लावला असेल?"

फिफीनं तोंडावरून हात फिरवला. "तेच तर छळतंय मला. दुपारी वीज गेली. एदिनाम जनरेटरकडे गेली, मी फाटकापाशी फोनवर होतो. पण लॅपटॉप उघडा असता तर राझाकनं सोडलं असतं का? आलं का गुरुवारी केलेवेले?"

नव्हतं आलं. या शेडचा एक रिवाज होता. कुणी लॅपटॉप उघडा टाकून उठलं, की ज्याला तो दिसेल त्यानं, बहुधा खोडकर राझाकनंच, त्यावरून सगळ्यांना संदेश धाडायचा: 'आज माझ्याकडून सर्वांना केलेवेले!' मग विसरभोळ्यानं कोपऱ्यावरून गरम मसालेदार तळलेली केळी आणायची. सुटका नाही. देदेइबाईंनीही एकदा सगळ्यांना खिलवलं होतं आणि आठवडाभर पोरांचा उद्धार केला होता.

"म्हणजे तिनं लॉक केला होता," फिफी हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे आंटी... दुसरं कुणी नव्हतंच."

लॅपटॉपवरचं पत्र बंद करून तो उठला आणि बाहेर गेला. बाई वळल्या, तर लॅपटॉप पुन्हा लॉक. त्यांनी एक सणसणीत शिवी गिळली.

चौकीत इन्स्पेक्टर दोम्प्रे सोबोलो सरबताचा ग्लास घेऊन बसले होते.

"कायदा सरळ आहे, वकीलबाई. परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हा. वर खंडणी. सोमवारी कोर्टात उभी करतो. काही वर्षं तरी आतच जाईल."

"शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं, तिनं हाक मारून सांगितलं. हा गुन्हा?"

"हाक उंबरठ्याच्या आत जाऊन मारली ना?"

"धमकी किती वाजता गेली?"

"तीननंतर लगेच."

"तेव्हा वीज नव्हती आणि ती अंगणात होती असं मी दाखवलं तर?"

दोम्प्रे हसले. "घड्याळ लावून पाठवली असेल. हॅकर आहे ती बाई! ही पोरं बसल्याजागी काहीही करतात."

हॅकर म्हणजे जादूगार, हे मत बदलायला बाईंना निदान वर्ष लागलं असतं. हातात दोन दिवस होते.

एदिनाम अनवाणी बाकावर बसली होती. तेवीस वर्षांची पोर, पण आज शाळकरी दिसत होती.

"धमकी तू पाठवलीस?"

"नाही, आंटी."

"वीज गेली तेव्हा?"

"जनरेटरकडे पळाले. तो माझ्याशिवाय कुणाला दाद देत नाही."

"लॅपटॉप लॉक केलास?"

तिनं अनवाणी पाय बाकाखाली ओढले. मग म्हणाली, "नाही."

"आपोआप होतो?"

"नाही. रात्रभर काम चालू ठेवते, म्हणून ते बंद करून टाकलंय."

"का नाही केलास लॉक? आत कोण होतं?"

एदिनामनं मान खाली घातली. "आठवत नाही, आंटी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. या मुलीला गेल्या वर्षीच्या पाककृतीतलं मिठाचं मापसुद्धा आठवत असे. पण त्यांनी ताणून धरलं नाही. निघताना त्यांनी दोम्प्रेंना दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. त्यांनी नाक मुरडलं, पण टिपून घेतल्या.

संध्याकाळी त्यांनी शेडमध्ये राझाकला गाठलं. राझाक म्हणजे खोड्यांचा राजा. कायदा म्हटलं की तो ओठ मुरडायचा.

"कायदा कुणी केला, आंटी? ज्यांना मेल उघडून द्यायला नातू लागतो त्यांनी!"

"भाषण नंतर. गुरुवारी कुठे होतास?"

"जनरेटरचं पेट्रोल संपलेलं. कॅन घेऊन पंपावर गेलो. आलो, एदिनामच्या हातात कॅन दिला आणि सुसाट आत. म्हटलं, आज केलेवेले पक्कं. ती वीज गेली की हमखास उघडा टाकून पळते."

"मग?"

"मग काय? लॉक! माझं नशीबच फुटकं."

"कुणाला सांगितलंस?"

"काय सांगू? शिकारी हात हलवत आला म्हणून? कुणालाच नाही." मग त्याचा चेहरा बदलला. "तिनं नाही केलं हो हे. ती लाडकी आहे फिफीची, म्हणून मी जळतो, तो भाग वेगळा. मला एका कंपनीत भोक सापडलं तेव्हा फिफी म्हणाला, कंपनीला भोक बुजवायला महिना द्यायचा, मग जाहीर करायचं. महिना म्हणजे महिना, एक दिवस जास्त नाही. आणि हिला मात्र दोनदा थांबवलं. जरा कळ काढ, कंपनीला वेळ दे!"

"दोनदा?"

"दोनदा! लाड नाहीत तर काय?"

नुएर्की शेडमधली सर्वांत अबोल. तिनं न बोलता फोन पुढे केला. त्यात चित्रफीत होती. एदिनाम कोपरापर्यंत तेलानं माखलेली, जनरेटरला लाथा घालत, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. वेळ तीननंतरची. राझाक कॅन घेऊन येईपर्यंत ती तिथून हलली नव्हती.

"फिफी कुठे होता?"

"फाटकापाशी होता म्हणाला. मी नाही पाहिलं, माझं तोंड जनरेटरकडे."

बाई गाडीत जाऊन बसल्या. काय घडलंय हे त्यांना कळलं होतं, आणि ते खोटं निघावं असं मनापासून वाटत होतं. फिफीच्या लग्नात त्या नाचल्या होत्या.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे शेडमध्ये जमले. दोम्प्रे एदिनामला घेऊन आले, जागा दाखवण्यासाठी म्हणून. फिफी पुढे धावला, त्यानं तिचे हात धरले. तिनं धरू दिले.

"फिफी, बाळा," देदेइबाई म्हणाल्या, "कायद्यातलं ते परवानगीचं कलम माझ्या लॅपटॉपवर शोधून दे. यांना दाखवायचंय."

फिफी बसला. कलम सापडलं. तो उठला.

बाईंनी पडदा दोम्प्रेंकडे वळवला. पासवर्डची चौकट.

"काल दोनदा. आज तिसऱ्यांदा. उठता उठता दोन बटणं दाबली जातात त्याच्याकडून. आत्ता दाबली हेही त्याला माहीत नसेल."

"सवय आहे ती," फिफी म्हणाला.

"हो. गुरुवारीही होतीच. इन्स्पेक्टरसाहेब म्हणतात, धमकी घड्याळ लावून पाठवता येते. बरं, येत असेल. म्हणून मी धमकीच्या मागे लागलेच नाही, मी लॉकच्या मागे लागले. एदिनाम उघडा टाकून पळाली. राझाक आला तेव्हा लॉक होता. तो लॅपटॉप आपोआप लॉक होत नाही. काय निघालं, साहेब?"

दोम्प्रेंनी घसा खाकरला. "आमच्या माणसानं आतल्या नोंदी पाहिल्या. धमकी गेली आणि पाठोपाठ बटणं दाबून लॉक केलंय."

"त्या वेळी एदिनाम जनरेटरला लाथा घालत होती आणि नुएर्की तिचं चित्रीकरण करत होती. राझाक पंपावर होता. उरलं कोण?"

"मी फाटकापाशी..."

"तूच मला म्हणालास, केलेवेले आलं नाही म्हणजे लॉक होता. मीही घटकाभर फसले. पण या शेडमध्ये उघडा लॅपटॉप सापडला आणि कुणी केलेवेले मागवलं नाही, असं कधी झालंय? ज्यानं मागवलं नाही, त्याला आपण तिथं बसलो होतो हेच कळू द्यायचं नव्हतं. तसाच उघडा टाकून उठला असतास, तर राझाकनं खोडी काढली असती आणि मी जन्मात काही सिद्ध करू शकले नसते. तुझी बोटं नडली, फिफी. ज्या सवयीबद्दल तू या पोरांचे कान पिळलेस, तीच."

राझाक म्हणाला, "पण का? का करेल तो?"

"महिना म्हणजे महिना म्हणणारा माणूस एकाच कंपनीला दोनदा मुदत देतो, ती कशासाठी? साहेब, अॅपचा तो भाग कुणी लिहिला होता?"

"कंपनीनं बाहेरून करून घेतला," दोम्प्रे म्हणाले. आज ते हसत नव्हते. "बायदेन म्हणून कुणी आहे."

फिफी खुर्चीत बसला, नव्हे, कोसळलाच.

"शेडचं भाडं कुठून येत होतं असं वाटलं तुम्हाला?" तो म्हणाला. "घाईत लिहिलं. चुकलं. कंपनी ढिम्म हलत नव्हती, पण जाहीर झालं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, हे कुणाचं काम. पोरांना धडे देणारा फिफी, आणि त्याच्याच दाराला कडी नाही! तिला खंडणीखोर ठरवलं की तिचं कुणी ऐकलं नसतं. आंटी तिला सोडवतील असं वाटलं. खरंच वाटलं."

"मी सोडवीन, म्हणून तू तिला आत घातलंस?" देदेइबाईंचा आवाज फुटला. "लाज नाही वाटली रे तुला?"

फिफीनं एदिनामकडे पाहिलं. "तू लॉक करायला हवा होतास. किती वेळा सांगितलं होतं तुला!"

एदिनाम पुढे आली.

"आत तू होतास ना, बॉस. म्हणून नाही केला," ती म्हणाली. "पळताना तू माझ्या बाजूच्या खुर्चीत दिसलास. आंटींनी विचारलं, आत कोण होतं. मी म्हटलं, आठवत नाही. उगाच तुझं नाव कशाला, असं वाटलं मला."

फिफीनं तोंड झाकून घेतलं. दोम्प्रेंनी त्याला दंडाला धरून उठवलं. कुणीही त्याच्या मागे फाटकापर्यंत गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात एदिनामला लॅपटॉप परत मिळाला. कंपनीनं भोक बुजवलं, आभाराचं पत्र मात्र धाडलं नाही. शेडचं भाडं सध्या देदेइबाई भरतात आणि दर महिन्याला त्यावरून कटकट करतात.

त्याच आठवड्यात एका दुपारी पुन्हा वीज गेली. पंखा थांबला. राझाकनं जुन्या सवयीनं हात चोळले. एदिनाम खुर्चीतून उठली, जनरेटरकडे दोन पावलं गेली, थबकली, आणि परत आली. तिनं दोन बटणं दाबली. पडदा काळा झाला याची खात्री केली, आणि मगच ती बाहेर गेली.

आत राझाक होता, नुएर्की होती आणि देदेइबाई होत्या. तिघंही एकमेकांकडे न बघता बसून राहिले.