वीतभर पायऱ्या

“बूट बाहेर!” मान वर न करताच ती म्हणाली. फरशी नुकतीच पुसून झाली होती आणि तिची कंबर मोडून आली होती.

दारातली पावलं थबकली. थोड्या वेळाने काउंटरपाशी एक माणूस येऊन उभा राहिला. हातात चिखलाने माखलेले बूट, पायात मोजे आणि एका मोज्यातून बाहेर डोकावणारा अंगठा. तिची नजर तिकडे गेली तसा त्याने तो अंगठा दुसऱ्या पायाखाली दडवला... आणि तिला हसू फुटलं.

“बोला, कुठे जायचंय?”

“तुम्ही सांगाल तिथे.”

तिने नकाशा पसरला. “मग वरच्या तळ्याला जा. शेवटचा चढ जरा जीव काढतो. पण वर पोचलं की झाडं एकदम बाजूला होतात, आणि समोर पाणी. सकाळी गेलात तर धुकं असतं, काठाशी बदकं झोपलेली... कुणाशी बोलावंसंच वाटत नाही.”

तो ऐकत राहिला. नकाशाकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. एवढ्यात आतून केंद्राच्या मोठ्या बाई आल्या. “अरे मुकादम! तू कधी उगवलास?”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जंगलातल्या सगळ्या वाटा दुरुस्त करणाऱ्या टोळीचा हा मुकादम, आणि त्यालाच ती तळ्याची वाट समजावत बसली होती!

“आधी सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर तळं ऐकायला मिळालं नसतं,” तो म्हणाला आणि बूट घेऊन बाहेर गेला.

जंगलाच्या तोंडाशी असलेल्या त्या लाकडी माहिती केंद्रात ती हंगामापुरती लागली होती. पालवी फुटली की केंद्र उघडायचं, पानं झडली की बंद. नकाशे द्यायचे, स्वच्छतागृहाच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. “हरणं किती वाजता सोडता हो?” “धबधबा रात्री बंद असतो का?” गणवेशाच्या जाकिटावर छातीशी मोठ्या अक्षरांत ‘माहिती’ असं लिहिलेलं होतं, म्हणून तो तिला ‘माहितीबाई’ म्हणू लागला.

संध्याकाळी टोळीचा ट्रक परतला की तो यायचा. कुठे झाड पडलंय, कुठली वाट बंद आहे ते सांगायचा आणि ती बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायची. काम दोन वाक्यांचं. पण ती दोन वाक्यं हळूहळू लांबत गेली.

“पूर्वेची वाट बंद.”

“का?”

“मधमाश्यांनी घर केलंय. नवीन संसार आहे, म्हटलं उगाच कशाला त्रास...”

“हे फळ्यावर कसं लिहू?”

“तुम्ही काहीही लिहा, माहितीबाई. तुमच्या अक्षरात बंद वाटसुद्धा उघडी वाटते.”

दिवस कलला की तिचे कान रस्त्याला लागू लागले. ट्रकचा आवाज वळणावर आला की ती उगाचच नकाशांचा गठ्ठा सारखा करायची. सारखाच असायचा तो.

एका संध्याकाळी त्याने सहज विचारलं, “तळ्यावर शेवटच्या कधी गेला होतात?”

“गेलेच नाही,” ती म्हणाली. “लहानपणी जिन्यावरून पडले, गुडघा नीट जुळलाच नाही. तो चढ मला झेपायचा नाही.”

“मग ते धुकं? ती बदकं?”

“लोक परत येतात ना, त्यांना विचारते. थोडं याचं, थोडं त्याचं... असं जोडून जोडून तळं केलंय मी.”

तो हसला नाही. बराच वेळ काउंटरच्या लाकडावर बोट फिरवत राहिला.

त्यानंतर तो विचित्र प्रश्न विचारू लागला. “पायरी केवढी असली की बरी पडते?”

“कुणाला?”

“म्हातारी माणसं येतात ना... त्यांना.”

तिने हात पसरून दाखवलं. “एवढी. वीतभर.”

“परत दाखवा.”

“दिसली नाही?”

“दिसली... परत दाखवा.”

तिने हात चटकन काउंटरखाली नेला. पण रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या तिने स्वतःच्याच वितीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

उन्हाळा सरला. एक दिवस मुलीसोबत आलेल्या एक आजी तळ्याहून परतताना कौतुकाने म्हणाल्या, “पायऱ्या काय सुरेख केल्यात गं! चढ कळलाच नाही.” बाहेर उभा असलेला ट्रकचा ड्रायव्हर हसत म्हणाला, “आमचा मुकादम सुट्टीच्या दिवशीही तिथंच राबतो, आजी. काउंटरवरच्या बाईंना वर न्यायचंय त्याला.”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे तिचा गुडघा ट्रकभर चघळला जात होता तर!

संध्याकाळी तो आला तेव्हा तिने वर पाहिलंही नाही. “मला कुणाची दया नकोय.”

“दया?”

“मी काही तुमची पडझड झालेली वाट नाही, मुकादम. दुरुस्त करायला.”

त्याचा चेहरा उतरला. तो तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून निरोप ड्रायव्हर आणू लागला. कोरडा, दोन वाक्यांचा. ट्रक यायचा, थांबायचा, जायचा. पुढच्या काचेआडून एक ओळखीची मान दिसायची, पण वळायची नाही. संध्याकाळ तिला खायला उठायची. आपण बोलून गेलो ते खरं होतं की नुसतं लागलं म्हणून बोललो, तेच तिला कळेना.

ताईचा फोन आला. “तुझ्या भावजींनी शब्द टाकलाय. शहरातल्या दवाखान्यात, कायमची नोकरी. हंगाम संपला की सरळ इकडे ये. पुन्हा त्या रानात जायची गरज नाही.”

“बरं,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पानं झडली. केंद्र पर्यटकांसाठी बंद झालं. आवराआवर करताना मोठ्या बाई म्हणाल्या, “मुकादम परवा चाललाय. लांबच्या जंगलात, रोपं लावायला. पालवी फुटेपर्यंत येणार नाही.”

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. कोपऱ्यातली काठी घेतली. “बाई, मी जरा जाऊन येते.”

“कुठे?”

“वर.”

वाट सुरुवातीला सोपी होती, मग चढू लागली. ती दम खात, काठी टेकत चालली. झाडं विरळ झाली आणि पायऱ्या सुरू झाल्या... एक पायरी, मग दुसरी. पाऊल आपोआप पडत होतं, गुडघ्याने कुरकूर केली नाही. प्रत्येक पायरी वीतभर, तिच्याच वितीएवढी. कितीतरी सकाळी या माणसाने तिचा हात मनात धरून दगड बसवले होते. दया अशी असते? तिचे डोळे भरून आले. वळणावर एक बाकडं होतं. दोन माणसं बसतील एवढंच. ती बसली नाही.

तो वर कठड्याचा शेवटचा खिळा ठोकत होता. तिला पाहून हातोडी हवेतच राहिली. पण तो धावत आला नाही, हात पुढे केला नाही. ती पोचेपर्यंत जागीच उभा राहिला, आणि तेच तिला फार आवडलं.

समोर तळं होतं. धुकं नाही, बदकं नाहीत. भर दुपारचं ऊन आणि लहानसं, मातकट पाणी.

“एवढंसंच?” ती म्हणाली.

“पहिल्याच दिवशी सांगणार होतो,” तो म्हणाला. “तुमचं तळं जास्त चांगलं आहे.”

दोघं हसले. मग हसणं ओसरलं.

“दया नव्हती ती,” तो म्हणाला.

“मग काय होतं?”

“लोभ. निव्वळ लोभ. तुम्ही इथे यावं, माझ्या शेजारी उभं राहावं... आणि मी तुम्हाला पाहावं. काउंटर मधे न येता.”

वाऱ्याने पाण्यावर सुरकुती उमटली. ती कठड्याला टेकली. “ताईने शहरातल्या दवाखान्यात नोकरी बघितलीय. कायमची,” ती म्हणाली.

“माझ्यासाठी थांबशील?” त्याने विचारलं.

“तुम्ही मला ‘थांबशील’ म्हणालात.”

“चुकून गेलं.”

“परत चुका.”

“थांबशील?... मी येईपर्यंत?”

“नुसतं थांबणं मला जमणार नाही,” ती म्हणाली. “काउंटरमागच्या स्टुलावर बसून हंगामभर तेच केलंय. काहीतरी करायला सांग.”

तिचं ‘सांग’ त्याने ऐकलं. हातातली हातोडी खाली ठेवली.

“दवाखान्याला नाही म्हण,” तो म्हणाला. “पालवी फुटली की इथे ये. पुढचं... पुढचं आपण मिळून बघू.”

ती पुढे आणि तो मागे, असे ते सावकाश खाली उतरले. केंद्रात आल्या आल्या तिने फोन फिरवला. तो दारातच घुटमळत राहिला.

“ताई, भावजींना सांग, नोकरी नको.”

“अगं, डोकं फिरलंय का तुझं? तिथे आहे तरी काय?”

तिने दाराकडे पाहिलं. “एक माणूस आहे.”

पलीकडे ताईने नाक ओढलं.

“कोण आहे?”

“वाटा नीट करतो.”

“घरी आण त्याला. जेवायला.”

“ताई, तो परवा चाललाय गं. फार लांब... कितीतरी महिने.”

“परवा ना?” ताई म्हणाली. “मग उद्या आण!”