सील लावायच्या आधी

केडगावात हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या बिभीषणला सुमंतरावांच्या खरेदीचं कोडं कधी उलगडलं नाही. घर बांधणारा माणूस खिळे किलोनं नेतो. हा निवृत्त चित्रकला शिक्षक मात्र मूठभर बारीक नट मागायचा, तळहातावर घेऊन जोखायचा आणि वर विचारायचा, "याहून बारीक नाहीत का?"

"सर, याच्याहून बारीक पायजे असतील तर आता सोनाराकडं जावा," बिभीषण म्हणाला. "बसवता तरी कुठं हे?"

"वाघिणींच्या पोटात."

मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे बिभीषणला ठाऊक होतं, तरी पुडी बांधताना त्यानं मान हलवलीच. मास्तर लोकांचं काही सांगता येत नाही, असा त्याचा चेहरा झाला होता. सुमंतरावांना त्याचं काही वाटलं नाही. पुठ्ठ्याच्या वाघिणीला अंगचं वजन नसतं, पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा ती रुळांवरून घसरते, म्हणून तिच्या तळाशी नट चिकटवावे लागतात. हे ज्याला करायचंय त्यालाच कळतं, बाकीच्यांना समजावून सांगणं म्हणजे नुसती दमणूक.

आणि हा छंद आता नुसता छंद उरला नव्हता. त्यांची बायको प्रेमला हळूहळू सगळं विसरत चालली होती. आधी गॅस बंद करायला विसरायची, मग शेजाऱ्यांची नावं, मग स्वतःच्याच घरातलं बाथरूम. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या गोष्टी बोलत राहा, तिथं तिचा पाय अजून घट्ट आहे. पुण्याहून मुलगी देवश्री फोनवर वेगळंच म्हणत होती. "बाबा, इथं चांगलं सेंटर आहे. तुम्हाला एकट्याला हे झेपायचं नाही."

"ती मला ओळखायची थांबली की मग बघू," सुमंतराव म्हणाले होते. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, पण तेव्हापासून रोज सकाळी उठल्यावर ते आधी बायकोच्या डोळ्यांत बघायचे.

प्रेमलाबाईंचं बालपण श्रीरामपूरच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत गेलं होतं. त्यांचे वडील, अण्णा, कारखान्याच्या रेल्वे सायडिंगवर क्लार्क होते. पोती भरलेल्या वाघिणी वजनकाट्यावर चढवायच्या, वजन खडूनं अंगावर मांडायचं, दाराला सील ठोकायचं, हे त्यांचं काम. आता तिथं रूळ राहिले नाहीत, वेडी बाभूळ माजली आहे. तेच सायडिंग सुमंतरावांनी देवश्रीच्या रिकाम्या खोलीत प्लायवूडच्या फळीवर उभं करायला घेतलं. गोदाम झालं, वजनकाटा झाला, मळीची टाकी झाली, फळीच्या टोकाला रूळ जिथं संपत होते तिथं फाटक झालं. फाटकापलीकडे काहीच नव्हतं, फळीची कड आणि खाली फरशी.

दुपारी जेवणं उरकली की प्रेमलाबाई वेताच्या खुर्चीत बसायच्या आणि सांगत राहायच्या. गोदामाचं दार हिरवं नव्हतं, निळं होतं. टाकीखाली नेहमी माश्या असायच्या. उन्हात मळीचा वास इतका दाट व्हायचा की अंगाला चिकटायचा. बोलताना त्यांचा चेहरा निवळायचा, आणि सुमंतरावांना आपली जुनी बायको थोडा वेळ परत मिळायची. अशा दुपारी ते खरोखर सुखात असत.

एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. रिकाम्या वाघिणीत सावली असते म्हणून पोरं, हमाल कुणीही आत जाऊन झोपायचं. त्यामुळे सील लावायच्या आधी अण्णा दारावर मूठ आपटून हाक मारायचे, "आत कोण आहे?" आणि मग थांबायचे. त्यांच्या हाकेशिवाय सील लागायचं नाही.

"एकदा मीच होते आत," प्रेमलाबाई म्हणायच्या. "पोत्यांवर झोपलेली. तोवर वजन होऊन गेलेलं. मी म्हटलं, अण्णा, मी आहे. त्यांनी मला काढलं आणि माझ्या वजनाची साखर आत टाकायला लावली."

"कशासाठी?"

"वजन मांडून झालं होतं ना. एकदा मांडलं की तेवढं जायलाच हवं."

त्यावरून दोघांचा खेळच झाला. वाघिणीच्या दाराला गोंद लावायच्या आधी सुमंतराव नखानं टकटक करायचे. "आत कोण आहे?" खुर्चीतून प्रेमलाबाई गंभीर आवाज काढून म्हणायच्या, "कोणी नाही. लावा सील." मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाघीण ठेवून वजन बघायचं आणि पांढऱ्या रंगानं ते तिच्या अंगावर लिहायचं. चार वाघिणी अशा झाल्या. चौघींचं वजन सारखं भरलं.

पाचव्या वाघिणीच्या वेळी प्रेमलाबाईंना खुर्चीतच डुलकी लागली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर. बोटाला गोंद लावून सुमंतराव क्षणभर थांबले. कशाला उठवायचं, किती दिवसांनी शांत झोपलीय, असं मनात आलं. हाक न मारताच त्यांनी दार चिकटवलं.

प्रेमलाबाई जाग्या झाल्या तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. त्यांनी सुमंतरावांकडे पाहिलं आणि दारात आलेल्या पाहुण्याकडे बघून हसतात तशा हसल्या.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "घरात कुणी दिसत नाहीये."

त्यानंतर त्या सायडिंगबद्दल बोलल्या नाहीत. कशाबद्दलच बोलल्या नाहीत. घासापुढे तोंड उघडायच्या, हात धरला की चालायच्या. कामाला येणाऱ्या लंकाबाईंनी त्यांना न्हाऊ घातलं आणि पदराला हात पुसत त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, एक बोलू का? ताईंला उठवाया गेले तर हाताला वजनच लागंना. जेवत्यात तर रोजच्यासारख्या. पर लई हलक्या झाल्यात."

सुमंतराव स्वयंपाकघरातल्या त्या काट्यावर वाकले होते. पाचवी वाघीण तेव्हा काट्यावर होती आणि आकडा बाकीच्या चौघींच्या कितीतरी पुढे गेला होता. घाईत नट जास्त पडले असतील, त्यांनी मनाला समजावलं. आहे तो आकडा लिहायचा, खोटा लिहायचा नाही, ही त्यांची शिस्त. त्यांनी पांढरा रंग घेतला आणि तो आकडा वाघिणीच्या अंगावर मांडला.

दुसऱ्या दिवशी ती वाघीण गोदामापासून वीतभर पुढे आलेली होती. घरामागून दौंडकडे मालगाडी जाते तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात, त्या हादऱ्यानं सरकली असेल. त्यांनी तिच्या चाकाखाली आगकाडीची पाचर मारली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आगकाडी रुळांच्या कडेला ठेवलेली होती. मोडलेली नव्हती, उडालेली नव्हती. कुणी वाकून, काढून, नीट बाजूला ठेवावी तशी होती. आणि वाघीण वजनकाट्याच्या पुढे गेली होती.

देवश्रीला कळवणं भाग होतं. "रविवारी येते," ती म्हणाली. "आईचे कपडे भरून ठेवा, बाबा."

शनिवारी दुपारी सुमंतराव ती बॅग भरत होते. प्रेमलाबाईंच्या साड्यांच्या घड्या घालताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. मग ते उठून त्या खोलीत आले. खुर्चीत बायको बसली होती, डोळे उघडे, कुठेच न बघणारे. खोलीत मळीचा वास होता. ती टाकी त्यांनी काळ्या रंगाच्या डबीतून केली होती, तिला कसलाच वास नव्हता... आणि वाघीण फाटकाला टेकली होती. पुढचं चाक फळीच्या कडेवर होतं.

सुमंतराव खाली वाकले. गाल फळीला लागेपर्यंत वाकले. त्यांना आपली चूक एकदम समजली, आणि इतके दिवस ती कशी दिसली नाही याचाच धक्का बसला. त्यांनी नखानं दारावर टकटक केली.

"आत... कोण आहे?"

मागे खुर्ची गप्प होती. बाहेर एक भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज विरला. आणि मग पुठ्ठ्याच्या आतून, झोपेतून उठल्यासारखं, उत्तर आलं.

"मी आहे... अण्णा, मी आहे."

ब्लेड त्यांच्या हातात कधी आलं ते त्यांना कळलं नाही. गोंदाची रेघ कापली, दार उघडलं. आतून ताज्या साखरेचा ऊबदार वास आला. आत चिकटवलेले नट होते, दुसरं काही नव्हतं.

"अहो," मागून प्रेमलाबाई म्हणाल्या, "किती वेळ लावलात. चहाची वेळ टळून गेली की."

रविवारी देवश्री आली तर आईनंच दार उघडलं, तिला वाळलीस म्हणून रागावली आणि बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावल्या. सेंटरचा विषय निघालाच नाही. जाताना देवश्री बापाच्या गळ्यात पडली. सुमंतरावांना इतका आनंद झाला होता की तिची रिक्षा वळेपर्यंत त्यांनी हात हलवला, आणि आत येताना त्यांना क्षणभर आठवेना, ही मुलगी कुणाची.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी उघड्या दाराची वाघीण काट्यावर ठेवली. आकडा तोच होता. रंगानं मांडलेला. आत नट सोडून काही नसताना एक कणही उतरला नव्हता.

एकदा मांडलं की तेवढं जायलाच हवं, त्यांना आठवलं. मग त्यांनी काटा पुसला आणि जागेवर ठेवला. ज्याला कळायचं त्याला कळलं होतं, आणि आरडाओरडा करण्यासारखं त्यात त्यांना काही दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात बिभीषणच्या दुकानात त्यांना मागायच्या वस्तूचं नाव सापडेना. "ते... बारीक... मधे भोक असलेलं," ते म्हणाले. बिभीषणनं नट दिले आणि कधी नव्हे ते तो त्यांना रस्ता ओलांडून द्यायला बाहेर आला. लंकाबाई केर काढता काढता थांबल्या. "सर, तुमी गादीवर बसलात तरी गादी दबंना. डाक्टरला दाखवा एकदा." प्रेमलाबाई मात्र कामाला लागल्या होत्या. त्यांनी गोदामाला निळा रंग दिला, टाकीखाली माश्या म्हणून मोहरीचे दाणे चिकटवले. दिवसभर त्यांची बडबड चालायची. सुमंतराव वेताच्या खुर्चीत बसून ऐकायचे. यातलं कधी काय घडलं ते त्यांना लागायचं नाही, पण आवाज ओळखीचा होता.

अशाच एका दुपारी प्रेमलाबाईंनी पाचवी वाघीण उचलली.

"हे दार उघडं का ठेवलंय तुम्ही? पाऊस आला तर साखर जायची." त्यांनी बोटाला गोंद घेतला. मग स्वतःशीच हसल्या. "थांबा हं. आधी हाक."

त्यांनी दार ढकललं, एक फट ठेवली. नखानं टकटक केली.

"आत कोण आहे?"

सुमंतरावांची बरीच नावं गळून गेली होती, पण हा प्रश्न त्यांना नीट कळला. खरं उत्तर दिलं तर ती दार उघडेल, तिची सवयच तशी. आणि मग मांडलेलं वजन पुन्हा माणूस शोधू लागेल. घरात दोघंच तर होती. त्यांनी जीव एकवटून गंभीर आवाज काढला, अगदी खेळात काढायचा तसा.

"कोणी नाही. लाव सील."

प्रेमलाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं नाही. त्या वाघिणीच्या दाराशी कान लावून होत्या. "बरं," त्या दाराला म्हणाल्या, आणि अंगठ्यानं दार दाबून धरलं.

सुमंतरावांच्या नाकाशी ताज्या साखरेचा वास आला. उजेडाची रेघ बारीक होत मिटली. मग बाहेर, पुठ्ठ्याच्या अगदी पलीकडे, त्यांना तिच्या बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं.