उरलेल्या डब्यांचा रंग

गाडी घराच्या मागच्या गल्लीत उभी करायची, ही बाबांची अट होती. अमरावतीच्या आमच्या कॉलनीत सगळे वकिलांचे, प्राध्यापकांचे बंगले. तिथं बाबांच्या, म्हणजे वसंतराव वकिलांच्या, दारात मालवाहू पिकअप शोभली नसती. कोचिंग क्लासमधली नोकरी गेल्यावर मी ती जुनी गाडी घेतली होती. अकोटहून सरकीची ढेप आणायची आणि इथल्या गोठ्यांना पुरवायची.

पत्रा जागोजागी गंजलेला. स्प्रे मारून घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून स्वतःच बसलो. पॉलिश पेपरनं गंज घासला, खड्ड्यांत पुट्टी भरली, काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली. रंगाच्या दुकानात तळाशी उरलेले ऑइल पेंटचे डबे स्वस्तात मिळाले. हिरवा, पिवळा, थोडा राखाडी. सगळे एका बादलीत ओतून काठीनं ढवळले. जो रंग निघाला त्याला नाव नव्हतं. साचलेल्या पाण्यावरच्या शेवाळात हळद सांडावी तसा काहीतरी. ब्रशचे केस त्यात अडकले, दारांवर ओघळ आले. बाबा एकदाच मागच्या दारात येऊन उभे राहिले.

"कुणी विचारलं तर आपली आहे म्हणू नकोस," म्हणाले आणि आत गेले.

माघातले दिवस होते. अंजनगाव सोडलं की रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस लटकलेला. अकोटच्या अलीकडे एका फाट्यावर एक म्हातारी हात दाखवत उभी होती. मी थांबलो. तिनं दार उघडलं, मधल्या सीटवरची माझी पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि तरीही दाराला चिकटूनच बसली. अंग चोरून बसायची सवय असेल, असं मला वाटलं.

"उशीर केला रे शेषराव," ती समोर पाहत म्हणाली.

चूक दाखवायला मी तोंड उघडलं होतं. पण त्या आवाजात जे होतं ते मला बरेच दिवस कुणी दिलं नव्हतं. मी नुसतं हं म्हणालो.

मग ती बोलतच राहिली. बकरी व्याल्याचं, तूर सोंगून झाल्याचं, उन्हात डोक्याले दुपट्टा बांधत जाय म्हणून. फडकं सोडून तिनं भाकर अन् ठेचा मधल्या सीटवर ठेवला. एका हातानं स्टिअरिंग धरून मी ते खाल्लं. पुढच्या गावात ती उतरली तेव्हा माझ्यानं तिच्याकडे पाहवलं नाही.

फाट्यावरच्या चहावाल्याकडून कळलं की ती पार्वताबाई, एकटीच राहते, मुलगा होता तो वारला. एवढं कळल्यावर तरी मी खरं सांगायला हवं होतं. पण त्यानंतरही प्रत्येक खेपेला ती उभी असायची आणि मी थांबायचो. घरी बाबांसमोर आई न बोलता ताट वाढायची. इथं कुणीतरी माझी वाट पाहत होतं. म्हणजे माझी नव्हे, हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी हं म्हणत होतो.

मग काही गोष्टी जाणवू लागल्या. गाडी बाहेरून रंगवलेली, तीही केव्हाच वाळलेली, पण केबिनमध्ये ओल्या रंगाचा वास वाढत चालला होता. गिअर टाकताना माझा हात आपोआप आखडायचा, जणू कुणाचा गुडघा आड येतोय. एकदा म्हातारी उतरल्यावर मधल्या सीटवर हात ठेवला. रेक्झिन कोमट होतं. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

शेवटी एका दुपारी, तिच्या गावात गाडी थांबवून, मी बोललो.

"आजी, मी शेषराव नाही. माझं नाव सौमित्र. मी आधीच सांगायला पाहिजे होतं. मला लाज वाटते."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"मले मालूम हाये. तू कायचा शेषराव? मी तुयाशी कवा बोलली?"

तिनं मांडीवरचं फडकं झटकलं.

"त्याच्या वाट्याची भाकर तू खात व्हता. म्या काई म्हटलं नाई. भुकेला असन म्हटलं."

माझे कान तापले. मग तुम्ही कुणाशी बोलत होतात, असं मी कसंबसं विचारलं.

"मधात बसला हाये तो," ती म्हणाली. "त्याची गाडी याच रंगाची व्हती. सोताच्या हातानं रंगवली, उरल्यासुरल्या डब्यातून. आता मायाकून नाई होत रे बापू. तुया घरी सारे हायेत. त्याले घेऊन जाय."

ती उतरली. दार लावण्याआधी मधल्या सीटवरून तिनं हात फिरवला, तोंडावरून फिरवावा तसा.

मी ढेप भरली नाही. रिकामी गाडी वळवली आणि अमरावतीपर्यंत डावीकडे पाहिलं नाही.

घाबरलेला होतो. मागच्या गल्लीचं भान राहिलं नाही, गाडी थेट पुढच्या फाटकापाशी थांबली. बाबा व्हरांड्यात बसले होते. ते उठून आले. आता चारचौघांत बोलणार, म्हणून मी उतरून मान खाली घातली.

ते माझ्याजवळून पुढे गेले. डावीकडचं दार त्यांनी स्वतः उघडलं आणि बाजूला सरकले.

"उन्हात कशाला बसून राहिलात? या, आत या."

ते फाटकातून आत गेले, हात पुढे करून, वाट दाखवत. व्हरांड्यातली स्वतःची खुर्ची त्यांनी पुढे ओढली.

"रंग तुम्हीच दिलात होय?" ते म्हणाले. थोडं थांबले, ऐकलं, आणि हसले. "छान जमलाय."

मी फाटकाबाहेरच उभा होतो.

त्यांनी आईला चहा टाकायला सांगितलं. ती ट्रे घेऊन आली. कप दोनच होते. खुर्चीकडे पाहून तिनं पदर सावरला. मग तिची नजर माझ्यावर गेली आणि "यांचा ड्रायव्हर का?" असं तिनं बाबांना हलकेच विचारलं. बाबांनी मान डोलावली.

ती पाण्याचा पेला घेऊन फाटकापर्यंत आली.

"झालं की तिथंच कठड्यावर ठेवा," ती मला म्हणाली.