चाफ्याखालचं पीठ

चाफ्याखाली पाय पडला आणि सुरुची अख्ख्या कर्वेनगरला ऐकू जाईल अशी किंचाळली.

खालच्या मजल्यावरचा सौमित्र बर्फ घेऊन धावला. वरच्या मजल्यावर भाड्यानं आल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती, तेही एका पायावर उभी राहून.

"लाल मुंग्या. भाडेकरूंचं स्वागत करतात."

"अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलं नव्हतं."

"लिहिलं असतं तर आला असतात का तुम्ही?"

एवढं दुखत असूनही तिला हसू आलं. घोट्यावर बर्फ टेकवताना त्याचा हात जरा जास्तच थांबला... तिनं पाय मागे घेतला नाही.

मग रोज संध्याकाळी दोघं मिळून मुंग्यांच्या मागे लागले. उकळतं पाणी ओतलं, तर त्यांनी शेजारीच नवं वारूळ उठवलं. स्प्रे मारला, तर थेट पायरीपर्यंत आल्या. या सगळ्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. मुंग्या मात्र होत्या तिथेच.

कारण रोज सकाळी सौमित्रचे बाबा, दिगंबरकाका, चाफ्याखाली साखर घातलेलं पीठ टाकायचे. सौमित्रची आई टाकायची तसंच, तिच्याच पितळी डब्यातून. ती गेल्यापासून काका तेवढ्यासाठीच अंथरुणातून उठायचे. पण त्यांना डायबेटिस. पायाला चावलं की चिघळायचं. आता जखम झाली तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

एका सकाळी सौमित्र पायरीवर भलताच खुशीत होता.

"सुटला प्रश्न! आईच्या डब्यातच बोरिक पावडर मिसळली. बाबा टाकणार, मुंग्या उचलून पार राणीपर्यंत नेणार. कशी आहे आयडिया?"

त्यानं टाळीसाठी हात पुढे केला. तो तसाच राहिला.

"काकांच्या हातून?" ती हळू म्हणाली. "त्यांना न सांगता... आईच्या डब्यातून?"

तेवढ्यात दार वाजलं. काका डबा घेऊन बाहेर आले. सुरुचीनं पुढे होऊन झाकणावर हात ठेवला.

"काका, थांबा. सौमित्रला काहीतरी सांगायचंय."

सौमित्रनं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. मग त्यानं सांगितलं – पावडर, डॉक्टर, स्वतःची भीती, सगळं.

काकांनी चाफ्याकडे पाहिलं.

"तुझी आई काळ्या मुंग्यांना घालायची. या लाल नंतर आल्या, कळतं मला. मारायला माझी ना नव्हती रे... विचारायचं होतंस. आणि मारायच्या तर स्वतःच्या हातानं मार. तिच्या डब्यानं नको."

डबा त्याच्या हातात देऊन ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी काका अंथरुणातून उठायला तयारच नव्हते.

सुरुचीनं सौमित्रकडून डबा घेऊन चिंचेनं लख्ख घासला, आपल्या घरचं पीठ भरलं आणि खाली येऊन त्यांचं दार वाजवलं.

"काका, मागच्या भिंतीवर काळ्या मुंग्यांची रांग लागलीय. बूट घाला, चला."

आतून आवाज आला – "साखर?"

"घातलीय. जरा जास्तच झाली."

"तीपण जास्तच घालायची," म्हणत काकांनी दार उघडलं.

त्यांना भिंतीपाशी बसवून ती परतली, तर सौमित्र चाफ्याखाली होता. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत बोरिक घातलेलं पीठ, वर दगड. त्याचे हात मनगटापर्यंत लाल फोडांनी भरले होते.

ती वरून बर्फ घेऊन आली. त्याचा हात धरला.

"सुरुची... मला तू आवडतेस."

"माहितीय," ती म्हणाली. "हात हलवू नकोस."